जयघोष गंगेचा, राज्य मैलापाण्याचे

एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीमुळे बेकार झालेले लक्षावधी कामगार उपाशीपोटी गावाकडे पायी निघाले होते आणि सरकारी इस्पितळांतील परिचारिकांना साधे संरक्षक कपडे मिळण्याची मारामार होती. नेमक्या त्याच सुमारास केंद्र सरकारच्या स्वच्छ गंगा राष्ट्रीय अभियानाने भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेकडे एक प्रस्ताव धाडला. गंगेच्या पाण्यात जिवाणूंना मारणारे ‘जिवाणूभक्षक’ असतात. तेव्हा हे पाणी देऊन करोनाचे रोगी बरे होतात काय, याची चाचणी घ्यावी, असा त्याचा आशय होता. अशा चाचणीला आधार होईल इतकी शास्त्रीय माहिती उपलब्ध नाही, असे सांगून परिषदेने हा प्रस्ताव बाजूस सारला. तो बाजूस सारण्यास फारशा विद्वत्तेची गरजही नव्हती. जिवाणूभक्षक हा स्वतः एक विषाणू असून तो फक्त जिवाणूंना मारतो; करोना हा जिवाणू नव्हे, विषाणू आहे. मांजर उंदीर धरते म्हणून ते टोळधाडीवर सोडावे, तशातलाच हा प्रकार होता.

इतकी शोभा झाल्यावरही सत्ताधाऱ्यांचा गंगाजळाच्या चमत्काराचा मोह सुटला नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये प्रयागराजचा कुंभमेळा चालू असताना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे अहवाल ठेवला. स्नानासाठी दर १०० मिलिलिटर पाण्यात शौचजिवाणूंची जी २,५०० ही कमाल मर्यादा ठरलेली आहे, ती अनेक वेळा ओलांडली गेल्याचे त्यात नमूद होते. यावर उत्तर प्रदेशच्या मुख्यमंत्र्यांनी काय केले? नाले अडविण्याचा हुकूम दिला काय? नाही. हे पाणी स्नानासच काय, आचमनासही योग्य आहे, असे त्यांनी विधानसभेत जाहीर करून टाकले! आणि पुन्हा एकदा जिवाणूभक्षकांच्या नावाने गंगेच्या स्वयंशुद्धीचे ढोल बडविले गेले.

या ढोलांच्या आवाजात एक गोष्ट पद्धतशीरपणे दडपली जात आहे. गंगेकाठच्या माणसाच्या आतड्यात, त्याच्या मैल्यात आणि त्याच्या नदीत कोणते जिवाणू वाढत आहेत, कोणती औषधे त्यांच्यापुढे निकामी ठरत आहेत आणि हे का घडत आहे, याचे उत्तर सूक्ष्मजीवशास्त्र आणि रेणवीय जीवशास्त्र यांनी कधीच दिलेले आहे. त्यातील मोलाचा भाग खुद्द वाराणसीत, बनारस हिंदू विद्यापीठाच्या प्रयोगशाळांत तयार झाला. ते उत्तर राज्यकर्त्यांना गैरसोयीचे आहे, कारण त्याचे बोट थेट त्यांच्याकडे वळते.

जिवाणूभक्षक कशाची साक्ष देतात?

गंगाजळाच्या भक्तांचा आवडता साक्षीदार म्हणजे अर्नेस्ट हॅन्किन हा इंग्रज शास्त्रज्ञ. आग्र्यास सरकारी रसायन-परीक्षक असलेल्या हॅन्किनने १८९६ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेच्या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. यमुना व गंगा यांच्या पाण्यात पटकीचे जंतू लवकर मरतात आणि पाणी उकळले की हा गुण नाहीसा होतो, असे त्याचे निरीक्षण होते. जिवाणूभक्षकांचा शोध तोवर लागलेलाच नव्हता. तो पुढे १९१५ साली ट्वॉर्टने आणि १९१७ साली फेलिक्स डेरेलने लावला. हॅन्किनचे निरीक्षण जिवाणूभक्षकांमुळे घडले असावे, हा अर्थ मागाहून लावण्यात आला. आणि तो बरोबर आहे असे धरले, तरी त्यातून निष्पन्न काय होते?

जिवाणूभक्षक हवेतून किंवा देवकृपेने उत्पन्न होत नाही. तो जिवाणूच्या शरीरात शिरतो, तेथेच आपल्या शेकडो प्रती तयार करतो आणि जिवाणूला फोडून बाहेर पडतो. म्हणजे जेथे भक्ष्य मुबलक, तेथेच भक्षक मुबलक. आतड्यातील जिवाणूंवर जगणारे भक्षक पाण्यात विपुल सापडणे हा जलतज्ज्ञांच्या लेखी त्या पाण्यात मैला मिसळल्याचा पुरावा असतो, आणि मैल्याचा माग काढण्यासाठी या भक्षकांची मोजदाद करण्याची पद्धत जगभर रूढ आहे. सारांश, ज्या गोष्टीला गंगेच्या शुद्धतेचे प्रमाणपत्र म्हणून मिरविले जाते, ती वस्तुतः तिच्या प्रदूषणाची फिर्याद आहे.

खऱ्या शास्त्राने या भक्षकांचे काय केले, हेही पाहण्यासारखे आहे. सोव्हिएत जॉर्जियातील त्बिलिसी येथे जॉर्ज एलियावा यांनी १९२३ साली स्थापलेल्या संस्थेने जखमा व आमांश यांवर जिवाणूभक्षकांचा औषध म्हणून उपयोग करण्याची परंपरा निर्माण केली आणि पाश्चात्त्य औषध कंपन्यांनी पाठ फिरविल्यावरही ती टिकविली. बनारस हिंदू विद्यापीठाच्या वैद्यकीय संस्थेतील सूक्ष्मजीवशास्त्राचे प्राध्यापक गोपाल नाथ व त्यांचे सहकारी यांनी अशाच दिशेने काम केले. महिनोन्‌महिने न भरणाऱ्या, प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जखमांवर त्या त्या जिवाणूला मारणारे भक्षक निवडून, शुद्ध करून लावण्याचा त्यांचा वीस रुग्णांवरील अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. येथे कोणी घाटावरचे पाणी जखमेवर ओतले नाही. रोग्याच्या जखमेतील जिवाणू ओळखून त्याला लागू पडणारा भक्षक प्रयोगशाळेत शोधावा लागतो, वाढवावा लागतो, गाळावा लागतो. या कामाला यंत्रे लागतात, कायम नोकरीचे संशोधक लागतात आणि वर्षानुवर्षे पैसा लागतो. सरकारजवळ पैशाचा तोटा आहे म्हणावे, तर घाटांच्या रोषणाईसाठी तो कधी कमी पडलेला नाही.

आतड्यातील देवाणघेवाण

गोपाल नाथ यांच्या संशोधनाची दुसरी बाजू वाराणसीच्या जनजीवनाशी अधिकच निगडित आहे. विषमज्वराचा जिवाणू मैल्याने दूषित झालेल्या पाण्यातून व अन्नातून आतड्यात शिरतो. काही रोग्यांचा ताप उतरला तरी तो पित्ताशयात ठाण मांडून बसतो आणि पित्ताबरोबर पुन्हा आतड्यात, तेथून मैल्यात, मैल्यातून पाण्यात जात राहतो. असा वाहक वरकरणी निरोगी असतो. नेहमीच्या तपासण्यांत न सापडणारे हे वाहक जिवाणूचे जनुकच शोधून काढण्याच्या रेणवीय पद्धतीने उघडकीस येऊ शकतात. ही पद्धत वापरून वाराणसीच्या संशोधकांनी २००८ साली पित्ताशयाचा कर्करोग आणि विषमज्वराचे वाहकपण यांतील संबंध दाखवून दिला. गंगेच्या खोऱ्यात, विशेषतः स्त्रियांत, पित्ताशयाचा कर्करोग जगातील अत्यंत वरच्या प्रमाणात आढळतो, ही गोष्ट येथे ध्यानात घ्यावी. मैलापाणी पाजून माणसाला केवळ हगवण लागत नाही. त्याची किंमत कधी कधी वीस-तीस वर्षांनी चुकवावी लागते.

याच आतड्यात प्रतिजैविकांचा पराभव शिजत असतो. माणसाच्या आतड्यात अब्जावधी जिवाणू एकत्र नांदतात. त्यांतील अनेकांजवळ प्लास्मिड नावाची जनुकांची लहान वर्तुळे असतात आणि ती एका जातीचा जिवाणू दुसऱ्या जातीच्या जिवाणूला देऊ शकतो. औषध निकामी करण्याची विद्या अशी हातोहात पसरते. आमांशाच्या जंतूपाशी असलेली ही विद्या आतड्यातील निरुपद्रवी ई. कोलायकडे आणि त्याच्याकडून परत आमांशाच्या जंतूकडे जाते, हे जपानी संशोधकांनी १९५९ सालीच दाखविले होते. अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाचे स्टुअर्ट लेव्ही यांनी १९७६ साली आणखी एक पाऊल पुढे टाकले. कोंबड्यांच्या खाद्यात टेट्रासायक्लिनची अल्प मात्रा मिसळली असता काही दिवसांतच कोंबड्यांच्या आणि काही महिन्यांतच ते औषध कधीही न घेतलेल्या शेतकरी कुटुंबाच्या आतड्यांत औषधाला न जुमानणारे जिवाणू वाढले. औषधमिश्रित खाद्य बंद केल्यावर ते पुन्हा घटले. औषध एकाने खावे आणि त्याचे फळ शेजाऱ्याने भोगावे, असा हा व्यवहार आहे. तो वैयक्तिक नाही, सामाजिक आहे.

भारताच्या बाबतीत या व्यवहाराचा सर्वांत गंभीर दाखला २००८ साली मिळाला. नवी दिल्लीतील इस्पितळात उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या भारतीय वंशाच्या एका रोग्याच्या शरीरात क्लेब्सिएला जातीचा जिवाणू सापडला. अगदी अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवलेली कार्बापेनेम गटाची औषधेही तो निकामी करीत होता. त्याच रोग्याच्या विष्ठेतील ई. कोलायजवळही तेच जनुक आढळले. म्हणजे देवाणघेवाण त्याच्या आतड्यातच झालेली असावी. या जनुकाला ‘एनडीएम-१’ म्हणतात. त्यातील पहिली दोन अक्षरे नवी दिल्लीची आहेत. ऑगस्ट २०१० मध्ये मद्रास विद्यापीठाचे कार्तिकेयन कुमारसामी, ब्रिटनमधील कार्डिफ विद्यापीठाचे टिमथी वॉल्श आणि त्यांचे अनेक सहकारी यांनी या जनुकाचा भारत, पाकिस्तान, बांगलादेश व ब्रिटन येथील प्रसार ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकात मांडला. ज्या भारतीय शहरांतील नमुन्यांत तो सापडला त्यांत वाराणसी होती, आणि मुंबई व पुणे हीदेखील होती.

अब्रू कोणाची?

या निबंधावर सरकारची प्रतिक्रिया वर्गीय मनोवृत्तीचा नमुना म्हणून जतन करून ठेवावी अशी आहे. तेव्हा दिल्लीत काँग्रेसच्या नेतृत्वाखालील सरकार होते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने निष्कर्ष तपासण्यापूर्वीच ते फेटाळले. जनुकाला राजधानीचे नाव दिल्याबद्दल संताप व्यक्त झाला, नमुने परदेशी नेण्याच्या परवानगीचा प्रश्न उभा करण्यात आला आणि परदेशी रोग्यांना भारतात आणणाऱ्या वैद्यकीय पर्यटनाच्या धंद्याविरुद्ध हा कट आहे, असा कांगावा झाला. कोणाची अब्रू जात होती? पंचतारांकित इस्पितळांची. कोणाचा जीव जात होता, हा प्रश्न कोणीच विचारला नाही.

साम्राज्यवादी देशांच्या औषध कंपन्या आणि त्यांच्या हितसंबंधांना पोषक असे संशोधन यांविषयी सावध राहणे केव्हाही योग्यच आहे. परंतु साम्राज्यवादाला विरोध म्हणजे स्वतःच्या मैल्यावर राष्ट्रध्वज पांघरणे नव्हे. एप्रिल २०११ मध्ये त्याच संशोधकांनी दिल्लीच्या पाण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. रस्त्यावर व गल्ल्यांत साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी २ मध्ये हे जनुक मिळाले. आमांशाच्या आणि पटकीच्या जंतूंतही ते शिरल्याचे आढळले. म्हणजे ते इस्पितळाच्या भिंती ओलांडून वस्तीत आलेले होते. याही वेळी सरकारने नळ तपासण्याऐवजी शास्त्रज्ञांवरच तोफ डागली. गंगेच्या वरच्या अंगाला ऋषिकेश-हरिद्वार परिसरात यात्रेच्या हंगामात या जनुकाचे प्रमाण अनेक पटींनी वाढते, हे दिल्लीच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील व ब्रिटनच्या न्यूकॅसल विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ साली दाखविले. पुण्याच्या मुठा नदीतील गाळात, शहरातील सांडपाणी मिसळल्यानंतर, अखेरच्या औषधांना दाद न देणारी जनुके कित्येक पटींनी वाढलेली असल्याचे नचिकेत मराठे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली सिद्ध केले. वाराणसीचा प्रश्न केवळ वाराणसीचा नाही, हे मराठी वाचकाला सांगण्यासाठी एवढे पुरे आहे.

‘अडाणी रोगी’ ही सोयीची कथा

सत्य नाकारणे अशक्य झाले, तेव्हा राज्यकर्त्यांनी आणि त्यांच्या तज्ज्ञांनी दुसरी कथा रचली. भारतीय माणूस अडाणी आहे, तो दुकानातून चिठ्ठीविना गोळ्या घेतो, मात्रा अर्धवट सोडतो. सबब त्याचे प्रबोधन करावे! सूचना वरकरणी निरुपद्रवी वाटते. परंतु वाराणसीच्या बजरडीहा किंवा मदनपुऱ्याच्या गल्लीत मागावर बसणाऱ्या विणकराचा विचार करावा. तो आजारी पडला तर त्या दिवसाची मजुरी बुडते. सरकारी दवाखान्यात रांग लांब आणि औषध बहुधा बाहेरूनच आणावे लागते. देशात आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चापैकी ३९.४ टक्के खर्च २०२१-२२ साली लोकांनी थेट आपल्या खिशातून केला, असे सरकारचेच राष्ट्रीय आरोग्य लेखे सांगतात. अशा माणसाने पाच दिवसांऐवजी दोन दिवसांच्या गोळ्या घेतल्या, तर त्याला अडाणीपणा म्हणावयाचे की अर्थशास्त्र?

आणि त्याला विकले तरी काय जाते? देशातील खाजगी औषधबाजाराचा २०१९ सालचा अभ्यास २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’ समूहातच प्रसिद्ध झाला. विकल्या गेलेल्या प्रतिजैविकांच्या मात्रांपैकी सुमारे ४७ टक्के मात्रा केंद्रीय औषध नियंत्रकाची मंजुरी नसलेल्या मिश्रणांच्या व उत्पादनांच्या होत्या, असे त्यातून निघाले. त्याच अभ्यासानुसार भारतीय माणसाचा सरासरी प्रतिजैविक-वापर अनेक देशांपेक्षा कमीच होता. अडाणी विणकराने ही मिश्रणे कारखान्यात तयार केली नाहीत. राज्यांचे परवाने घेऊन कंपन्यांनी ती तयार केली.

या कथेचे उरलेसुरले पितळ पीटर कॉलिन्यॉन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१८ सालच्या जागतिक अभ्यासाने उघडे पाडले. देशोदेशींची आकडेवारी ताडून पाहता औषधरोधी जिवाणूंचे प्रमाण हे प्रतिजैविके किती खाल्ली यापेक्षा स्वच्छता, पाणी आदी सार्वजनिक सोयी आणि कारभाराचा दर्जा यांच्याशी अधिक घट्ट जोडलेले दिसले. औषधाचा बेछूट वापर औषधरोधी जिवाणूला जन्म देतो हे खरेच. पण त्याला घरोघर पोहोचविण्याचे काम गटार करते. रोग्याचे प्रबोधन फुकट होते, गटार बांधावयास पैसे लागतात. राज्यकर्त्यांनी कोणता उपाय निवडला, हे सांगण्याची गरज नाही.

वाराणसीचा नाला

१४ जून १९८६ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांनी वाराणसीच्या घाटावरच गंगा कृती योजनेचा शुभारंभ केला. मैलापाणी अडवून पंपाने शुद्धीकरण केंद्रात नेणे, हा तिचा गाभा होता. वीज गेली की पंप बंद आणि पंप बंद पडला की मैला सरळ नदीत, हे तिचे फलित. या योजनेवर सर्वांत नेमकी टीका केली ती वीरभद्र मिश्र यांनी. बनारस हिंदू विद्यापीठात जलअभियांत्रिकीचे प्राध्यापक आणि त्याच वेळी संकटमोचन मंदिराचे महंत असलेल्या मिश्र यांनी १९८२ साली संकटमोचन फाउंडेशन स्थापले आणि पाण्यातील शौचजिवाणूंचे मोजमाप वर्षानुवर्षे चालू ठेवले. सरकारी केंद्रे घाण कमी करतात, पण रोगजंतू मारत नाहीत. विजेवर न विसंबणाऱ्या तलावांच्या मालिकेने हे काम होऊ शकते, असे ते २०१३ साली मृत्यू येईपर्यंत सांगत राहिले. गंगेला आई मानणारा हा महंत नदीतील मैला मोजण्यास भ्याला नाही. आचमनाची ग्वाही देणाऱ्या मंत्र्यांना ना श्रद्धा आहे, ना शास्त्र; आहे ते फक्त मतांचे गणित.

२०१४ पासून वाराणसी हा पंतप्रधान नरेंद्र मोदी यांचा मतदारसंघ आहे. ‘नमामि गंगे’ या नावाने २०,००० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. महालेखापरीक्षकांनी २०१७ साली दाखवून दिले की, राष्ट्रीय अभियानाकडील दोन हजार कोटींहून अधिक रुपये खर्चच झाले नव्हते. पुढे दिनापूर, गोइठा, रमना येथे नवी केंद्रे उभी राहिली, ही गोष्ट खरी. पण नोव्हेंबर २०२४ मध्ये असि आणि वरुणा या नद्यांच्या दुर्दशेची सुनावणी चालू असता हरित न्यायाधिकरणाला वाराणसीच्या जिल्हाधिकाऱ्यांना विचारावे लागले की, हे गंगाजळ तुम्ही स्वतः प्याल काय, आणि पाणी पिण्या-नाहण्यायोग्य नसल्याचे फलक घाटावर का लावत नाही? ज्या दोन नद्यांच्या नावांवरून या नगरीला वाराणसी नाव पडले असे मानतात, त्या आज नाले झाल्या आहेत. आणि त्या नाल्यांत उतरणारा सफाई कामगार, दिवसभर पाण्यात असणारा नावाडी, घाटावर कपडे धुणारा धोबी यांच्या आतड्यांत काय जाते, हे विचारण्याचे सौजन्य कोणत्याही आरतीने दाखविलेले नाही.

नफ्यास न परवडणारे औषध

याच गंगेच्या काठी, वाराणसीच्या कितीतरी वर, ऋषिकेश येथे सोव्हिएत साहाय्याने उभारलेला प्रतिजैविकांचा सार्वजनिक कारखाना होता. इंडियन ड्रग्ज अँड फार्मास्युटिकल्स हे त्याचे नाव. त्याआधी १९५४ साली पुण्याजवळ पिंपरी येथे जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या मदतीने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली. पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन देशात स्वस्तात तयार होऊ लागले. हमायसिन हे बुरशीनाशक औषध तर पिंपरीच्याच शास्त्रज्ञांनी शोधले. १९७० च्या पेटंट कायद्याने आणि १९७५ च्या हाथी समितीच्या अहवालाने हाच मार्ग पुढे नेण्याची संधी दिली होती. झाले उलटे. ऋषिकेशचा कारखाना चालविणारी कंपनी १९९२ मध्ये आजारी ठरविण्यात आली. २००५ साली जागतिक व्यापार संघटनेच्या दडपणाखाली पेटंट कायदा बदलला. २८ डिसेंबर २०१६ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने या सार्वजनिक कंपन्यांच्या जमिनी विकण्याचा, ऋषिकेशवाली बंद करण्याचा आणि पिंपरीवाली विक्रीस काढण्याचा निर्णय घेतला. मग २०२० मध्ये त्याच सरकारला साक्षात्कार झाला की, पेनिसिलिनच्या कच्च्या मालासाठी देश चीनवर अवलंबून आहे. आणि खाजगी कारखानदारांना उत्तेजन देण्यासाठी, पेनिसिलिनसह मूळ औषधद्रव्यांकरिता, ६,९४० कोटी रुपयांची योजना काढण्यात आली. जनतेच्या पैशाने उभे केलेले मोडावयाचे आणि जनतेच्याच पैशाने भांडवलदाराला उभे करावयाचे, असा हा हिशेब आहे.

नवी प्रतिजैविके शोधण्याचे काम खाजगी भांडवल करील, ही आशाही फोल ठरली आहे. मधुमेहाची गोळी रोगी जन्मभर घेतो. प्रतिजैविक आठवडाभर घेतो आणि चांगले प्रतिजैविक तर जपूनच वापरावे लागते. साहजिकच नफ्याच्या गणितात ते बसत नाही. २०१८ साली नोव्हार्टिसने जिवाणूविरोधी औषधांचे संशोधन थांबविले. अमेरिकेतील अ‍ॅकाओजेन कंपनीच्या नव्या प्रतिजैविकाला जून २०१८ मध्ये मान्यता मिळाली आणि एप्रिल २०१९ मध्ये कंपनीचे दिवाळे वाजले. औषध उपयुक्त, शोध यशस्वी, तरी कंपनी बुडाली. माणसाची गरज आणि भांडवलाचा नफा यांतील विरोध याहून उघडा कोठे पाहावयाचा?

जे प्रतिजैविक नफा देते, त्याचे विष मात्र नदीत सोडले जाते. हैदराबादजवळील पाटनचेरू येथील औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात स्वीडिश संशोधकांना २००७ साली सिप्रोफ्लोक्सॅसिनचे प्रमाण लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळले. औषध घेणाऱ्या रोग्याच्या रक्तातही ते इतके नसते! जानेवारी २०२० मध्ये केंद्र सरकारने सांडपाण्यातील प्रतिजैविकांवर मर्यादा घालणारा मसुदा प्रसिद्ध केला. ऑगस्ट २०२१ मध्ये अंतिम नियम निघाले, तेव्हा त्यांतून प्रतिजैविकांच्या मर्यादा अदृश्य झाल्या होत्या. त्या कोणाच्या सोयीसाठी अदृश्य झाल्या, हे सांगावयास ज्योतिषी नको.

काय केले पाहिजे?

२०१९ या एका वर्षात औषधरोधी जिवाणूंनी जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसांचे प्राण थेट घेतले, असा अंदाज २०२२ साली प्रसिद्ध झाला. दिल्लीतील तीन मोठ्या इस्पितळांत जन्मलेल्या अर्भकांचा अभ्यास २०१६ साली पुढे आला, त्यात जंतुसंसर्ग झालेल्या बाळांत अनेक औषधांना न जुमानणारे जिवाणू मोठ्या प्रमाणावर सापडले. जन्मून चार दिवस न झालेल्या बाळाने कोणत्या गोळीची मात्रा अर्धवट सोडली होती?

देशाची राष्ट्रीय कृती योजना २०१७ साली निघाली. राज्यांपैकी पहिली योजना केरळने २०१८ साली केली. केरळ हे श्रीमंत राज्य नव्हे. पण तेथे खेड्यापर्यंत पोहोचलेली सार्वजनिक आरोग्यव्यवस्था आहे. व्यवस्था असली म्हणजे योजनेला हातपाय फुटतात, ती नसली म्हणजे योजना कपाटात राहते.

कष्टकरी जनतेने, तिच्या संघटनांनी आणि लोकाभिमुख शास्त्रज्ञांनी पुढील मागण्या लावून धरल्या पाहिजेत. प्रत्येक शहराचे आणि इस्पितळाचे मैलापाणी रोगजंतूंसह शुद्ध झाल्यावाचून नदीत जाता कामा नये, आणि त्यातील औषधरोधी जनुकांची मोजणी करून आकडे घाटावरच्या फलकावर लावले पाहिजेत. औषध कारखान्यांच्या सांडपाण्यातील प्रतिजैविकांच्या वगळलेल्या मर्यादा पुन्हा घातल्या पाहिजेत. मंजुरी नसलेली मिश्रणे बाजारातून काढून सरकारी दवाखान्यात पूर्ण मात्रेचे औषध फुकट मिळाले पाहिजे. पिंपरीचा कारखाना विकण्याऐवजी त्याला प्रतिजैविकांच्या संशोधनाचे व उत्पादनाचे राष्ट्रीय केंद्र केले पाहिजे. बनारस हिंदू विद्यापीठासारख्या संस्थांतील जिवाणूभक्षकांच्या संशोधनाला दीर्घ मुदतीचा पैसा आणि कायम नोकरीचे संशोधक दिले पाहिजेत, जेणेकरून भक्षक हा प्रवचनाचा विषय न राहता इस्पितळातील औषध होईल. आणि नाल्यात माणूस उतरविण्याची पद्धत, जी कायद्याने गुन्हा आहे, ती प्रत्यक्षात बंद झाली पाहिजे.

महाराष्ट्रातील हजारो घरांच्या देवघरात काशीहून आणलेला गंगेचा सीलबंद गडू असतो. त्यामागील श्रद्धेची टवाळी करण्याचे कारण नाही. पण ज्यांच्या राज्यात त्या गंगेत नाले वाहतात आणि ज्यांना त्या नाल्यांचे मोजमाप नको असते, तेच या श्रद्धेचा सर्वांत मोठा व्यापार करीत आहेत, हे त्या हजारो घरांना समजावून सांगितले पाहिजे. गंगा स्वतःला शुद्ध करील, असे म्हणणारा राज्यकर्ता वस्तुतः इतकेच म्हणत असतो की, ते काम तो करणार नाही. ते त्याच्याकडून करवून घ्यावे लागेल.